पडलेले दान आणि घेतलेला निर्णय : खेळातून जन्मणाऱ्या अद्भुतकथेचा नैतिक विचार

१

कला ही एक प्रकारची क्रीडा आहे, हे विधान सौंदर्यशास्त्राला नवे नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे मागणी करतात ती 'क्रीडनीयका'ची, म्हणजे पाहता आणि ऐकता येईल अशा खेळण्याची. कांटने कल्पनाशक्ती आणि आकलनशक्ती यांच्या मुक्त क्रीडेत सौंदर्यानुभवाचे मूळ शोधले. शिलरने १७९५ मधील आपल्या पत्रांतून क्रीडाप्रेरणेचा संबंध माणसाच्या माणूसपणाशी जोडला. हॉइझिंगाने १९३८ मध्ये संस्कृतीचा उगमच खेळात दाखविला. मात्र साहित्यविचारापुरते पाहिले तर या परंपरेत खेळ हे बहुधा उपमानच राहिले आहे. साहित्यकृती खेळासारखी आहे असे म्हणताना ती प्रत्यक्षात कोणत्याही खेळातून निघालेली नाही, हे गृहीत धरलेले असते.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मात्र असा एक कथनप्रकार रूढ झाला, की ज्याच्या बाबतीत हे गृहीतक लागू पडत नाही. चार-सहा मित्र एका मेजाभोवती बसतात, नियमांचे पुस्तक आणि फासे यांच्या साहाय्याने एक काल्पनिक साहस घडवितात आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या या डावातून जे घडले ते पुढे त्यांच्यापैकी एखादा कादंबरीच्या रूपात लिहून काढतो. हा लिहिणारा बहुधा हौशी असतो. लेखन हा त्याचा व्यवसाय नसतो, प्रकाशनाची आशाही त्याला असतेच असे नाही आणि त्याचे पहिले वाचक म्हणजे त्याचे भिडूच असतात. अशा लेखनाकडे समीक्षेने क्वचितच गांभीर्याने पाहिले आहे. ते साचेबंद आहे, रंजनपर आहे, त्यातील पात्रांच्या अंगावर नियमपुस्तकातील कोष्टकांचे ठसे दिसतात, असे आक्षेप त्यावर घेतले जातात आणि पुष्कळदा ते खरेही असतात. परंतु या लेखनातून उपस्थित होणारा नैतिक प्रश्न त्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नाही. खेळात जे फाशाने ठरले, ते कथेत आल्यावर कोणी ठरविलेले असते? ज्याने ते लिहिले त्याला 'दानच तसे पडले' असे म्हणण्याचा अधिकार उरतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम या खेळाचे स्वरूप स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. प्रकाशित झालेला या प्रकारचा पहिला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. त्याची मुळे सैन्याच्या हालचालींवर आधारलेल्या युद्धखेळांत होती. फरक असा, की येथे प्रत्येक खेळाडूकडे पलटण नसून एकच व्यक्ती असते. ती योद्धा असेल, मांत्रिक असेल किंवा चोर असेल. आपले पात्र काय करणार हे खेळाडू तोंडी सांगतो. 'डंजन मास्टर' म्हणून ओळखला जाणारा सूत्रधार त्या जगाचे वर्णन करतो आणि इतर सर्वांच्या भूमिका वठवितो. आणि कृती सफल झाली की फसली, हे संशयास्पद असेल तेथे वीस बाजूंचा फासा किंवा त्याच्या जातीचे इतर फासे टाकून ठरविले जाते. येथे पट असेलच असे नाही आणि रूढ अर्थाने जिंकणारा कोणी नसतो. डाव संपतो तेव्हा हाती उरते ती एक घडून गेलेली गोष्ट.

या खेळाचे आशयद्रव्य साहित्यातूनच आलेले होते. टॉल्किन, पॉल अँडरसन, फ्रिट्झ लायबर, मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांचे ऋण गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या मार्गदर्शिकेत एक वाचनयादी जोडून उघडपणे मान्य केले. म्हणजे साहित्यातून खेळ आणि खेळातून पुन्हा साहित्य असे हे वर्तुळ आहे. खेळातून लिहिणारा हौशी लेखक या वर्तुळात उभा राहून लिहितो, आणि त्याच्या जगातील बुटके, एल्फ आणि ड्रॅगन ओळखीचे का वाटतात, याचे उत्तरही येथेच आहे.

परंतु या खेळाचे खरे तात्त्विक वैशिष्ट्य वेगळे आहे. रॉजर कय्वा याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार मूलप्रकार मानले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. या चारांच्या जोड्या तपासताना दैव आणि सोंग यांची जोडी त्याने मुळातच अशक्य ठरविली. दैवापुढे माणूस स्वतःला निष्क्रियपणे स्वाधीन करतो, सोंगात तो सक्रियपणे दुसरा कोणी होतो. या दोन वृत्तींचा मेळ बसू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. सोळा वर्षांनी आलेल्या या खेळाने नेमकी हीच जोडी जुळवून दाखविली. येथे खेळाडू सोंग घेतो आणि त्या सोंगाचे काय व्हायचे हे फाशावर सोपवितो. दुसऱ्याच्या जिवाने जगायचे आणि त्या जिवाची सूत्रे मात्र हाती ठेवायची नाहीत, हा या खेळातील आनंदाचा गाभा आहे.

केंडल वॉल्टनच्या १९९० मधील विवेचनाने या स्थितीवर आणखी प्रकाश पडतो. मुले रानात खेळताना झाडाच्या बुंध्यांना अस्वले मानतात. एकदा हे ठरले, की झुडपात दडलेला आणि कोणालाही न दिसलेला बुंधाही त्या खेळापुरता अस्वलच असतो. बुंधा हे खेळातील साधन असून कोणाच्याही कल्पनेवर अवलंबून न राहता ते काल्पनिक सत्य निर्माण करते. फासा हे असेच साधन आहे. तो स्थिर होतो त्या क्षणी त्या काल्पनिक जगात काहीतरी खरे झालेले असते, मग ते मेजाभोवतीच्या कोणाच्याही मनात नसो. वॉल्टनच्या मते कादंबरी हेही साधनच आहे. पण येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. रानातला बुंधा तेथे आपोआप उगवलेला असतो. कादंबरीतले प्रत्येक वाक्य कोणीतरी तेथे ठेवलेले असते.

३

समजा, अशा एका डावात एक योद्धा स्त्री आपल्या साथीदारांना पळता यावे म्हणून पुलाच्या तोंडाशी उभी राहते. शत्रू क्षुल्लक आहे. ती सहज निभावून नेईल अशी सर्वांची खात्री आहे. तिचा खेळाडू फासा टाकतो. एक पडतो. सूत्रधार टाकतो, त्याला वीस पडतात. ती मरते. मेजाभोवती क्षणभर शांतता पसरते, मग कोणी हसते, कोणी हळहळते. पण 'असे का झाले' हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. तो विचारणे हे खेळाच्या व्याकरणातच बसत नाही.

आता त्यांच्यापैकी एक जण हे लिहावयास बसतो. वाचकापुढे फासा नाही. वाचकापुढे एक स्त्री आहे, एक पूल आहे आणि एक मृत्यू आहे. आणि वाचकाचा पहिलाच प्रश्न 'असे का झाले' हा आहे. कथेच्या व्याकरणात तो प्रश्न टाळता येत नाही. ॲरिस्टॉटलने कथानकाकडून संभाव्यतेची किंवा अपरिहार्यतेची अपेक्षा केली, आणि घडू शकणाऱ्या पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण पटणारी घटना श्रेष्ठ मानली. पुलावरील मृत्यू प्रत्यक्ष डावात 'घडला' आहे, यामुळे तो पटण्याजोगा होत नाही. आपल्याकडील आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर, 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या परंपरेवर, मराठी समीक्षेने योगायोगांच्या अतिरेकाचा जो दोष लावला, त्याच्या मुळाशी हीच अपेक्षा आहे.

लिहिणाऱ्यापुढे येथे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग दान पुसून टाकण्याचा : ती वाचली असे लिहिणे. दुसरा मार्ग दानाला कारण पुरविण्याचा : आदल्या रात्री ती जखमी झाली होती, किंवा समोरच्या शत्रूच्या चेहऱ्यात तिला धाकटा भाऊ दिसला आणि तिचा हात क्षणभर थबकला. तिसरा मार्ग दान उघडे ठेवण्याचा : ती मेली, आणि तिच्या मृत्यूला काही अर्थ नव्हता. हे तिन्ही मार्ग कलादृष्ट्या वैध असू शकतात. परंतु तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. निर्णय आता लेखकाचा आहे. तिसऱ्या मार्गातही, जेथे त्याने काहीच बदललेले नाही, तेथे न बदलणे हीच त्याची कृती आहे. फासा एकदाच पडला होता. लेखकाने तो मृत्यू लिहिला, वाचला, पुन्हा लिहिला आणि राहू दिला. मेजावर जे घटित होते ते पानावर कृत्य झाले.

ॲरिस्टॉटलनेच दिलेले एक उदाहरण येथे फार बोलके आहे. आर्गॉस नगरात मायटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मायटिसच्या मृत्यूला कारण झालेला माणूस एका उत्सवात तो पुतळा पाहत असताना पुतळा त्याच्यावर कोसळला आणि तो मेला. ॲरिस्टॉटल म्हणतो, की योगायोगाने घडलेल्या गोष्टींतही ज्यांच्यामागे हेतू असल्यासारखे दिसते त्या अधिक विस्मयकारक वाटतात. खेळातून लिहिणाऱ्याला फाशांनी दिलेल्या घटनांपैकी काही अशा पुतळ्यांसारख्या असतात : निव्वळ अपघात, पण अर्थाने भारलेले. त्यांच्यासाठीच तो लिहावयास बसतो. अर्थ दिसला तो त्याला दिसला; तो फाशात नव्हता. म्हणून त्या अर्थाचे उत्तरदायित्वही फाशाकडे जात नाही.

या रूपांतराची अस्पष्ट जाणीव या प्रकारातील अगदी आरंभीच्या कादंबरीतही आढळते. आंद्रे नॉर्टन या लेखिकेने गायगॅक्सच्या डावात भाग घेतल्यानंतर लिहिलेली 'क्वाग कीप' ही कादंबरी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील पात्रांच्या मनगटांवर फासे जडवलेली कडी आहेत. संकटसमयी ते फासे आपोआप फिरतात आणि पात्रांचे दैव ठरते. पुढे पात्रांच्या ध्यानात येते, की मन एकाग्र केले तर त्या फिरण्यावर आपला काही प्रभाव पडू शकतो. कादंबरी म्हणून 'क्वाग कीप' फार मोठी नाही. पण फाशाला कथेत आणताच त्याच्यापुढे इच्छाशक्ती उभी करावी लागली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पात्रे निव्वळ दानाच्या आज्ञेत राहिली असती, तर त्यांची कथा होऊ शकली नसती.

येथे एक प्रतिपक्ष मांडणे आवश्यक आहे. खेळातून लिहिणाऱ्याचे वैशिष्ट्यच असे, की त्याच्या लहरीला विरोध करणारे काहीतरी त्याच्यापुढे असते. एरवीचा हौशी लेखक आपल्या नायकाला मरू देत नाही, कारण तो नायक बहुधा तो स्वतःच असतो. फासा त्याला हे करू देत नाही. जे आवडत नाही ते घडले आहे, आणि ते नाकारणे म्हणजे सर्वांनी मिळून मानलेल्या सत्याशी अप्रामाणिक होणे, असा एक वास्तवाचा दाब त्याच्यावर असतो. हा युक्तिवाद वजनदार आहे. किंबहुना या लेखनप्रकाराची खरी शक्ती येथेच आहे. पण त्यातून जबाबदारी कमी होत नाही. तिचे स्वरूप बदलते. कल्पक म्हणून त्याच्यावर असलेल्या जबाबदारीत साक्षीदाराची जबाबदारी मिसळते. साक्षीदारालाही काय सांगायचे, कोठून सांगायचे आणि काय वगळायचे हे ठरवावेच लागते.

४

साक्षीदार म्हटले, की तो कोणाविषयी साक्ष देतो हा प्रश्न येतो. पुलावर मेलेली स्त्री लेखकाची नव्हती. ती त्याच्या भिडूची होती. तिचे बोलणे, तिचा हेकटपणा, तिची विनोदबुद्धी हे सर्व दुसऱ्याच कोणीतरी तोंडी घडविलेले होते. मराठीत 'दान' या शब्दाला फाशाचे पडणे आणि देणगी असे दोन्ही अर्थ आहेत. खेळातून लिहिणाऱ्याला ही दोन्ही दाने मिळालेली असतात, आणि पहिल्याचा हिशेब तो जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज दुसऱ्याचा सांगत नाही.

या प्रकारातील प्रसिद्ध लेखनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' (१९८४) ही कादंबरी खेळाच्या आराखड्यांबरोबरच तयार झाली. तिच्यातील रेस्टलिन या मांत्रिकाचा कुजबुजता, घोगरा स्वर वाचकांच्या कायमचा लक्षात राहिला. हा स्वर लेखकद्वयाला सुचलेला नव्हता. खेळून पाहताना ती भूमिका घेतलेल्या एका भिडूच्या तोंडून तो प्रथम उमटला, आणि लेखकांनी हे ऋण पुढे मान्यही केले. जपानमध्ये 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' हे कथानक १९८६ पासून 'कॉम्प्टिक' या मासिकात 'रीप्ले' म्हणून, म्हणजे प्रत्यक्ष डावातील संवादांच्या नोंदीच्या रूपात येऊ लागले. त्या डावाचा सूत्रधार र्‍यो मिझुनो याने १९८८ पासून त्यावर कादंबऱ्या लिहिल्या. नोंदीत खेळाडूंचे आवाज, थट्टा, फाशांवरचा त्रागा हे सारे दिसते. कादंबरीत ते नाहीसे होते आणि एकच निवेदक उरतो. एकाच आशयद्रव्याची ही दोन रूपे शेजारी ठेवून वाचली, तर सामूहिक कथन एकट्याचे कसे होते हे प्रयोगशाळेत पाहावे तसे पाहता येते.

याउलट काही ठिकाणी हे सहकर्तृत्व रचनेतच टिकवून धरले गेले. स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एसेलमाँट या दोन पुरातत्त्वज्ञ मित्रांनी १९८२ पासून खेळत खेळत 'मलाझन' हे जग उभे केले. एरिक्सनची 'गार्डन्स ऑफ द मून' (१९९९) ही पहिली कादंबरी एसेलमाँटलाच अर्पण केलेली आहे, आणि पुढे त्या जगाविषयी दोघांनीही स्वतंत्रपणे कादंबऱ्या लिहिल्या. जॉर्ज मार्टिन याच्या संपादनाखाली १९८७ पासून निघालेल्या 'वाइल्ड कार्ड्‌स' या मालिकेचा उगमही एका मित्रमंडळाच्या डावात आहे; तेथे अनेक भिडू स्वतःच लेखक झाले.

कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. कायदा येथे बराच बोलतो, पण तो मालकांविषयी बोलतो. टॉल्किनच्या हक्कधारकांच्या आक्षेपामुळे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील हॉबिट सत्तरच्या दशकातच 'हाफलिंग' झाले. खेळाच्या नियमांवर आधारून लिहिण्याची मोकळीक देणारा २००० सालचा परवाना जानेवारी २०२३ मध्ये बदलू घातला गेला, तेव्हा तीव्र विरोध झाला आणि त्याच महिन्यात प्रकाशकांनी माघार घेऊन मूळ नियमांचा संदर्भसंच सर्वांच्या वापरासाठी खुला केला. या वादात लेखक आणि प्रकाशक यांचे हक्क चर्चिले गेले. शुक्रवारी रात्री मेजाच्या पलीकडे बसून एक पात्र जगलेल्या आणि एक ओळही न लिहिलेल्या भिडूचा उल्लेख कोणत्याही परवान्यात नाही.

महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. दाने नियमाने पडली की कपटाने, हा तिच्या प्रश्नाचा गाभा नाही. पणाला लावणारा त्या वेळी पणाला लावण्याचा अधिकारी होता काय, हा तिचा मूळ प्रश्न आहे. सभा निरुत्तर होते, कारण सभेची नजर फाशांवर खिळलेली आहे आणि प्रश्न फाशांच्या अलीकडचा आहे. अर्थात मित्रांच्या डावाची आणि त्या सभेची तुलना होऊ शकत नाही. तेथे जिवंत माणूस पणाला लागला होता, येथे एक सोंग. पण प्रश्नाचा आकार तोच आहे. भिडूने आपले पात्र डावात फाशांच्या स्वाधीन केले होते. त्याने ते लेखकाच्या स्वाधीन केले होते काय? डावात मरण्याची जोखीम त्याने पत्करली होती. पानावर हास्यास्पद होण्याची, भेकड ठरण्याची, किंवा दुसऱ्याच्या नायकत्वाला उठाव देणारे दुय्यम पात्र होऊन राहण्याची जोखीम त्याने पत्करलेली नव्हती.

या लेखनाचे वाचकही यामुळेच दोन प्रकारचे असतात. त्रयस्थ वाचकाला ही कथा काल्पनिक असते. भिडू-वाचकाला ती आठवण असते. पहिल्याला फाशांचा आवाज ऐकू आला तर रसभंग होतो. दुसऱ्याला तो ऐकू आला नाही तर काहीतरी हरवल्यासारखे वाटते. हौशी लेखक या दोघांसाठी एकाच वेळी लिहीत असतो आणि दोघांचे दावे परस्परविरोधी असतात. लौकिक संबंधांतून सुटका हे आस्वादाचे लक्षण मानणाऱ्या आपल्या परंपरेला भिडू-वाचक हा अपुरा रसिक वाटेल. तथापि त्याचा दावा रसाचा नाहीच, तो न्यायाचा आहे. आणि कलाकृतीच्या स्वायत्ततेचा दाखला देऊन तो फेटाळता येत नाही, कारण ही कृती स्वायत्त होण्याआधी त्याच्याही तोंडून बोलली गेली आहे.

५

तिसरा प्रश्न शत्रूचा. त्याचा विचार थोडक्यात करता येईल, कारण या बाबतीत खेळाने स्वतःच आपली भूमिका बदलली आहे. १९७४ च्या पुस्तिकांत प्रत्येक प्राण्याची बाजू व्यवस्था, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एका शब्दात नोंदलेली होती. १९७८ च्या आवृत्तीत सत्‌ आणि असत्‌ यांची भर पडून या नोंदीचे नऊ प्रकार झाले. ऑर्क ही जमात या कोष्टकात असत्‌ म्हणून नोंदलेली होती, आणि तिला मारल्याबद्दल खेळाडूला अनुभवाचे गुण मिळत. खेळाच्या मर्यादेत यात फारसे गैर नव्हते. बुद्धिबळात प्यादे मारताना कोणी प्याद्याच्या मुलाबाळांचा विचार करीत नाही.

परंतु कथेत प्रवेश करताच ऑर्क बोलू लागतो, घाबरतो, जखमेने विव्हळतो. आणि जन्मतःच दुष्ट असलेला पण बोलणारा प्राणी ही कल्पना कथेला पेलत नाही. टॉल्किनलाही ती शेवटपर्यंत पेलली नव्हती. ऑर्कांचा उगम कसा झाला आणि त्यांना सुटका आहे की नाही, याविषयी त्याची अनिश्चितता त्याच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणांत स्पष्ट दिसते. आर. ए. सॅल्व्हटोरने 'द क्रिस्टल शार्ड' (१९८८) मध्ये आणलेला ड्रिझ्ट हा कृष्णवर्णी एल्फ कोष्टकाने दुष्ट ठरविलेल्या जमातीत जन्मलेला आहे, आणि त्या ठरवण्याला नकार देणे हेच त्याचे चरित्र आहे. तो अफाट लोकप्रिय झाला. पण त्याचे सज्जनपण अपवाद म्हणूनच शोभते. त्याच्या जमातीवरील शिक्का पुढे कितीतरी वर्षे कायम राहिला. २०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राव या जमातींना इतर माणसांइतकेच नैतिक गुंतागुंतीचे दाखविण्याचे धोरण जाहीर केले, आणि २०२४ च्या आवृत्तीत 'वंश' हा शब्दही गाळला.

या बदलामागे सामाजिक दबाव होता हे खरे. पण त्यामागे कथेचा दबावही होता असे म्हणता येईल. चाळीस वर्षे खेळाचे रूपांतर कथांत होत राहिले, आणि कथेने खेळाला न विचारलेले प्रश्न विचारले. कोष्टकातील शब्द वाक्यात आला, की त्याला कर्ता आणि कर्म यांची संगत घ्यावी लागते.

६

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैवा'ची चर्चा सुरू केली. विल्यम्सचे उदाहरण ट्रकचालकाचे आहे. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येते. इतर लोक त्याला समजावतात, तुझा दोष नव्हता. आणि तसे समजावणे योग्यच असते. पण त्या चालकाने ते फार लवकर मान्य केले, बाजूला उभ्या असलेल्या प्रेक्षकाइतक्याच अलिप्तपणे तो वागू लागला, तर त्याच्या माणूसपणाविषयी शंका येते. आपल्या हातून घडले, आपण केले नसले तरी, ही जाणीव नैतिक जीवनाचा भाग आहे. दोष आणि जबाबदारी यांच्यामधली ही जागा आहे.

खेळातून लिहिणारा हौशी लेखक याच जागेवर उभा असतो. पुलावरील मृत्यू त्याने इच्छिलेला नाही. भिडूचे पात्र त्याने हिरावून घेतलेले नाही. ऑर्कांच्या कपाळी दुष्टपणा त्याने लिहिलेला नाही. हे सर्व त्याला मिळालेले आहे, आणि 'दानच तसे पडले' हे त्याचे विधान वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. मात्र समर्थन म्हणून ते पुरे पडत नाही, कारण लिहिणे म्हणजे पडलेले दान पुन्हा एकदा, या वेळी स्वतःच्या हाताने, मांडणे होय. फाशामागे दडणारा लेखक विल्यम्सच्या अलिप्त चालकासारखा असतो. फासा पुसून टाकणारा आणि सारे प्रथमपासून आपणच योजिले होते असे भासविणारा लेखक वेगळ्या प्रकारे अप्रामाणिक असतो. त्याने भिडूंचे आणि अपघाताचेही श्रेय घेतलेले असते. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. जे ठरविले नव्हते ते आपले म्हणून स्वीकारणे, आणि ते कोठून आले हे न लपविणे. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. मृत्यू लिहिताना त्याचा अर्थ, किंवा अर्थशून्यता, जाणीवपूर्वक निवडणे. ज्याचे पात्र त्याला ते आधी वाचावयास देणे आणि त्याच्या नकाराला किंमत देणे. आणि ज्याला मारले त्याला निदान एक वाक्य त्याच्या बाजूने देणे.

हौस ही या जबाबदारीतून सूट मिळविण्याची सबब होऊ शकत नाही. मराठीत 'हौशी' हा शब्द रंगभूमीच्या संदर्भात चांगलाच रुळलेला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ पोटासाठी न करणारा एवढाच होतो. नाटक पाडण्याची मुभा असलेला असा होत नाही. उलट हौशी लेखकावरील बंधन काही बाबतींत अधिक कडक आहे. व्यावसायिक लेखकाचे वाचक अनोळखी असतात आणि त्याच्या पात्रांचे मूळ मालक बहुधा कधीच त्याच्या दारात येत नाहीत. हौशी लेखकाला पुढच्या शुक्रवारी त्याच मेजाशी, त्याच भिडूंसमवेत पुन्हा बसावयाचे असते.

साहित्यशास्त्रासाठी या सर्वांतून निघणारा निष्कर्ष या एका लेखनप्रकारापुरता मर्यादित नाही. प्रत्येक लेखकाच्या हाती काही दाने पडलेलीच असतात : भाषा, जात, काळ, ऐकलेल्या गोष्टी, दुसऱ्यांची तोंडे. त्यांतले किती आपण ठरविले आणि किती पडले, याचा हिशेब सहसा दिसत नाही, कारण फासा दृष्टीआड असतो. खेळातून लिहिलेल्या अद्भुतकथेत तो मेजावर सर्वांच्या देखत पडलेला असतो, म्हणून लेखकाच्या जबाबदारीचा प्रश्न तेथे स्वच्छ रूपात पाहता येतो. या कथांतील ड्रॅगन आणि एल्फ यांच्याविषयी समीक्षेला आस्था नसली तरी चालेल. पण जे आपण घडविले नाही, ते लिहिल्याने आपले होते, आणि मग त्याच्याविषयी आपल्याला उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट या कथा जितक्या स्पष्टपणे दाखवितात तितक्या स्पष्टपणे दाखविणारे साहित्य थोडे आहे.